वृद्धाश्रमात राहायला जाताना: हक्क कोणते आणि ते पदरात कसे पाडून घ्यायचे

आमच्या सांगली-मिरजेकडं कुणाला विचारलं की तुमची आई हल्ली कुठं असते, तर उत्तर ठरलेलं, "वृद्धाश्रमात ठेवलंय." मीपण माझ्या आत्याबद्दल वर्षभर असंच म्हणत होते. एका रविवारी तिच्या कॉटवर बसून फोनवर कुणाला तरी तेच सांगत होते, तिनं ऐकलं, आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "ठेवायला मी काय फडताळातली बरणी हाय व्हय गं? मी राहती हितं. म्हैन्याचं पैसं भरती." त्या दिवसापासनं मी 'राहते' म्हणते. आणि खाली जे सगळं लिहिणार आहे ते या एका शब्दाच्या फरकाबद्दलच आहे बघा. ठेवलेल्या वस्तूला हक्क नसतात, राहणाऱ्या माणसाला असतात, आणि घरी असताना जेवढे होते तेवढेच असतात, आश्रमाच्या गेटवर त्यातला एकही काढून ठेवावा लागत नाही.

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हाला पण निर्णय घ्यायचाय, काय बघायचं, काय विचारायचं. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते. मी वकील नाही, पण आत्याच्या निमित्तानं प्रांत ऑफिस, समाजकल्याण, बँक, दोन आश्रम असं सगळं हिंडले आणि त्यातनं जे कळलं ते हे.

पायरी १. आधी त्यांना विचारा

हे लिहायची गरज वाटायला नको पण आहे. मुलं पुण्याला, मुंबईला बसून फोनवर ठरवतात, सून गाडी घेऊन येते, आणि आजोबांना सांगितलेलं असतं की मिरजेला डॉक्टरकडं चाललोय, आणि गाडी थांबते ती आश्रमाच्या दारात. हे मी स्वतः बघितलंय आणि त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यासमोरनं जात नाही. शहाणासुरता सज्ञान माणूस कुठं राहणार हे तो स्वतः ठरवतो, वय ८२ असलं म्हणून तो हक्क मुलाकडं जात नाही. त्यामुळं प्रवेशाच्या फॉर्मवर राहायला जाणाऱ्याची स्वतःची सही किंवा अंगठा पाहिजे, आणि तो फॉर्म त्यांना वाचून दाखवलेला पाहिजे, चष्मा लावून, सावकाश. विसरभोळेपणा असला तरी विचारायचंच. आज कळलं नाही तर उद्या सकाळी परत विचारा, सकाळी डोकं ताजं असतं.

आणि शक्य असेल तर आधी ८-१० दिवस राहून बघू दे त्यांना. सगळे आश्रम तयार होत नाहीत पण विचारायला काय जातंय.

पायरी २. आश्रम बघायला जाणं

एकदा फोन करून जा आणि एकदा न सांगता जा, आणि न सांगता जाताना दुपारी साडेबारा-एकला जा म्हणजे जेवणाची पंगत बघायला मिळते. ऑफिसात बसून चहा पिऊन परत येऊ नका. संडास-बाथरूम बघा, तिथं भिंतीला धरायला दांडा आहे का, फरशी घसरते का, रात्री तिथवर लाईट आहे का. झोपून असलेल्या लोकांच्या खोलीत जा, कारण चालत्याफिरत्या माणसांची खोली सगळीकडं चांगलीच असते, आश्रम कसा आहे ते झोपून असलेल्यांच्या खोलीतल्या वासावरनं कळतं. रात्री किती मावशी असतात ते विचारा. दिवसा नाही, रात्री. आणि तिथं राहणाऱ्या दोन-तीन जणांशी मॅनेजर शेजारी नसताना बोला, नुसतं "काय आजी, जेवलात का, काय होतं आज" एवढ्यानंच बरंच कळतं.

आपल्याकडं अजून एक प्रश्न विचारायलाच लागतो तो पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि परत २०२१ च्या जुलैमधे कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं हे सांगलीकराला सांगायला नको. ती इमारत पाण्याच्या पट्ट्यात येते का, पाणी चढायला लागलं तर उठता न येणाऱ्या लोकांना कोण उचलणार, कुठं नेणार, गाडी कुणाची, हे नीट विचारा. "बघू की त्यावेळी" असं उत्तर आलं तर दुसरीकडं बघा.

मग कागद. आपल्याकडचे बरेचसे आश्रम ट्रस्ट किंवा संस्था म्हणून चालतात. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी असते आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. नोंदणी नंबर मागा, लिहून घ्या, मागायला लाजू नका. तुम्ही मुलाच्या शाळेत पण सगळं विचारताच की.

एक गोष्ट माहीत असू दे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याचं पूर्ण नाव आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान १५० जणांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम सरकारनं काढावा असं आहे, पण त्या कलमाची भाषा सरकार काढू शकेल अशी आहे, काढायलाच पाहिजे अशी नाही. आणि पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी आश्रमात काय काय असलंच पाहिजे याची यादी त्या कायद्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरला लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा दोन्ही होतं, ते पास झालंच नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यामुळं सगळं ओझं आपल्या दोन डोळ्यांवर आणि आपण सही करतो त्या कागदावर येतं. म्हणूनच पुढची पायरी महत्त्वाची.

पायरी ३. सही करायच्या आधी

फॉर्म घरी न्या. "इथंच भरा, लगेच होतंय" म्हणाले तरी घरी न्या, रात्रभर ठेवा, वाचा. महिन्याच्या पैशात काय येतं आणि काय वेगळं, म्हणजे औषधं, डायपर, डॉक्टरची व्हिजिट, हॉस्पिटलला नेलं तर सोबत बसणारी मावशी, हे सगळं लिहून मागा. पैसे वाढवणार असतील तर किती आधी कळवणार. सोडून जायचं असेल तर किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट किती दिवसांत परत.

डिपॉझिट हा शब्द पावतीवर नीट बघा. काही ठिकाणी घेताना तोंडानं डिपॉझिट म्हणतात आणि पावती देणगीची फाडतात, मग परत मागायला गेलं की अवघड जातं. महिन्याची पावती पण दर महिन्याला घ्यायची, ऑनलाईन भरत असाल तर फारच छान, आपोआप पुरावा राहतो.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही, अंगठा, काहीही द्यायचं नाही. आणि "आम्ही शेवटपर्यंत सांभाळू, घर संस्थेच्या नावावर करा" असं कुणी म्हणालं तर तिथनं उठा. चांगल्या संस्थेला देणगी जरूर द्या, पण राहायची अट म्हणून घरदार लिहून देऊ नका.

भरलेल्या सगळ्या कागदांची झेरॉक्स दोन, एक राहणाऱ्याकडं आणि एक तुमच्याकडं.

पायरी ४. आधार, पासबुक, एटीएम

आश्रमाला ओळखपत्राची झेरॉक्स लागते, ओरिजिनल लागत नाही. पासबुक, एटीएम कार्ड, पेन्शनचे कागद हे राहणाऱ्याच्या ताब्यात, कुलूप लावता येईल अशा कपाटात किंवा ट्रंकेत, आणि कपाटाला कुलूप नसेल तर आपण न्यायचं. पिन नंबर मॅनेजरला पण नाही, मावशींना पण नाही आणि खरं सांगायचं तर भाच्याला पण नाही. ज्येष्ठांचा पैसा जास्त करून अनोळखी माणूस नेत नाही, घरातला नेतो, हे बोलायला कडू आहे पण आत्याच्या आश्रमात निदान तिघींचं असं झालंय.

हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही आणि बँक पैसे देत नाही ही नेहमीची रड. यासाठी रिझर्व बँकेचा नियम आहे, आजारी किंवा वयस्कर खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात ज्यांना बँक ओळखते आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस असतो. शिवाय ७० च्या वरच्यांना घरपोच बँकिंगची सोय द्यावी असं पण रिझर्व बँकेनं सांगितलेलं आहे आणि घरपोच म्हणजे आश्रमपोच पण येतं, शाखेत लेखी अर्ज द्या.

आत्याला काकांची फॅमिली पेन्शन आहे, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. पूर्वी रिक्षा करून तिला ट्रेझरीत न्यायचो, आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघतं, पहिल्या वर्षी चार वेळा फेल गेलं, खिडकीजवळ उजेडात बसवलं तेव्हा झालं. हा दाखला चुकला की पेन्शन थांबते आणि मग आश्रमाचे पैसे थकतात आणि मग बोलणी खावी लागतात, त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटीच डोक्यात घंटा वाजू द्या.

पायरी ५. आत राहताना, रोजचं

आता मुख्य. कायद्याचं पुस्तक सगळे दाखवतात, पण माणसाचा मान जातो तो रोजच्या छोट्या गोष्टीत.

आत्याच्या पहिल्या आश्रमातली गोष्ट सांगते, नाव घेत नाही. तीन आठवडे मला जमलं नव्हतं जायला, गेले तर आत्याचे केस कापलेले. कानापर्यंत, पुरुषासारखे. उवा होतात, धुवायला वेळ लागतो, म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या बायकांचे एका दिवशी कापले होते, न्हाव्याला बोलावून, ओळीनं बसवून. माझ्या आत्यानं पन्नास-साठ वर्षं अंबाडा घातला. ती माझ्याशी बोलत होती आणि बोलता बोलता तिचा हात सारखा मानेमागं जायचा, तिथं काही नव्हतं, परत खाली यायचा. "मला इचारलं बी नाही गं पोरी," एवढंच म्हणाली. मॅनेजरला विचारलं तर ते म्हणाले, स्वच्छतेसाठी केलं मॅडम, सगळ्यांचंच केलं. त्यांना त्यात चुकीचं काय आहे हेच कळत नव्हतं आणि मला त्या दिवशी नीट सांगता पण आलं नाही, नुसती रडले.

नंतर एका वकीलताईंनी दाखवलं, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. तो मानसिक आजारी माणसांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थांना लागू आहे. त्याच्या २० व्या कलमात लिहिलंय की सक्तीनं मुंडण करायचं नाही, स्वतःचे कपडे घालायची इच्छा असेल तर घालू द्यायचे, गणवेशाची सक्ती नाही, खाजगीपणा जपला पाहिजे, स्वच्छता पाहिजे, करमणूक पाहिजे. २६ व्या कलमात भेटायला आलेल्याला भेटायचं की नाही, फोन घ्यायचा की नाही हे त्या माणसानं ठरवायचं असं आहे. मी म्हणते, वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून ज्याला लोक नावं ठेवतात तिथल्या माणसाला जर कायदा एवढा मान देतो, तर ज्या बाईचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं तिला न विचारता तुम्ही कात्री कशी लावता? घटनेचं २१ वं कलम, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, ते आश्रमात राहणाऱ्याला पण आहेच.

तर रोजच्या हक्कांची ही माझी यादी, आत्याच्या खोलीतल्या बायकांशी बोलून केलेली. अंघोळ घालताना दार लोटलेलं किंवा पडदा ओढलेला, आणि बाईला बाईनंच घालायची. कपडे स्वतःचे, धुऊन स्वतःचेच परत यायला पाहिजेत, दुसरीचं पातळ नाही (सगळ्यावर मार्करनं नाव घाला, आत, काठाजवळ). मोबाईल स्वतःजवळ, आणि बोलताना शेजारी कुणी उभं राहायचं नाही. देव्हारा, तसबीर, माळ, कुराण, बायबल, जे असेल ते उशाशी. खायला न चालणारं काही असेल, उपास असेल, तर तसं. पत्र आलं तर न फोडता हातात. गोळी कशाची आहे हे विचारलं तर सांगायलाच पाहिजे, "घ्या ओ आजी गप" हे उत्तर नाही. आणि बाहेर जायचा हक्क. देवळात, बाजारात, लेकीकडं, गावच्या जत्रेला. आश्रमानं वहीत नोंद करायला सांगणं बरोबर आहे, जीव जपायचा असतो, पण गेटला कुलूप लावून "मुलाची परवानगी आणा" म्हणणं बरोबर नाही. मुलाची कशाला? शहाण्यासुरत्या माणसाला असं कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा होऊ शकतो.

बाहेर जाण्यावरनं आठवलं, एसटीत ७५ च्या वरच्यांना महाराष्ट्रभर प्रवास फुकट आहे २०२२ पासनं, आणि ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट. आधार कार्ड दाखवायचं. आत्या ७९ ची, ऋषिपंचमीला तासगावचा रथ बघायला आम्ही दोघी एसटीनं गेलो आणि तिनं कंडक्टरला इतक्या रुबाबात आधार दाखवलं की शेजारचे बघत राहिले.

बांधणं. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री उठून चालायला लागतो, पडतो, मग त्याला कॉटला ओढणीनं, चादरीनं बांधतात, किंवा झोपेची गोळी वाढवतात. मानसिक आरोग्य कायद्यातल्या आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा मोठा बिघाड पण येतो. आणि त्या कायद्याप्रमाणं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे, इतर तऱ्हेनं बांधणं फक्त लगेचचा धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, डॉक्टरच्या परवानगीनं, कमीत कमी वेळ, नोंद करून, आणि त्या माणसाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि हे नीट वाचा, माणसं कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा मनगटावर, घोट्यावर वळ दिसले, किंवा माणूस दिवसभर पेंगतोय असं दिसलं तर त्याच दिवशी विचारा, औषधांची वही मागा, फोटो काढा.

मावशींबद्दल पण दोन शब्द. बहुतेक मावशी चांगल्या असतात, पगार कमी, पाठ मोडलेली, एकटी बाई पंधरा जणांचं करते. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांना नावानं हाक मारा, सणाला त्यांच्यासाठी पण काहीतरी न्या. आणि तक्रार करायची ती माणसं कमी ठेवणाऱ्यांकडं करा.

पायरी ६. सरकारी सोयी, आश्रमात राहिलं तरी तुटत नाहीत

हे पटापट सांगते. ६५ च्या वरचे आणि उत्पन्न अगदी कमी (कुटुंबाचं वर्षाला २१,००० च्या आत) असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, अर्ज तहसील कचेरीत, बँक खात्याला आधार जोडलेलं पाहिजे. ७० च्या वरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असू दे, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासनं सुरू आहे, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर आणि योजनेतल्या हॉस्पिटलातच चालतं, तेव्हा आश्रमापासनं जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आधीच बघून ठेवा. सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांची रांग वेगळी असावी हे २००७ च्या कायद्यातच आहे, उभं करून ठेवलं तर सांगा.

आणि मतदान. पत्ता बदलला तर ८ नंबरचा फॉर्म भरून नाव आश्रमाच्या पत्त्यावर आणता येतं. लोकसभा-विधानसभेला ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना बसल्या जागी मत देता येतं, त्यासाठी १२-डी फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. इतकी वर्षं न चुकता मत दिलेल्या माणसाच्या बोटाला शाई लागली नाही की त्याला काय वाटतं ते त्या दिवशी आश्रमात जाऊन बघा.

पायरी ७. मुलं पैसे देत नसतील, किंवा घर लिहून घेऊन विचारत नसतील

२००७ चा कायदा इथं खरा कामाला येतो. आई-वडील (सावत्र, दत्तक घेतलेले पण) आणि ६० च्या वरचे ज्येष्ठ पोटगी मागू शकतात. कुणाकडनं, तर मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात, आणि मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडं त्यांची मालमत्ता आहे किंवा जाणार आहे तो नातेवाईक. आत्याला मूल नाही, म्हणून हे शेवटचं मी नीट वाचलं.

अर्ज प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकारी, त्यांच्याकडंच न्यायाधिकरण असतं. राहतात तिथल्या, आधी राहत होते तिथल्या, किंवा मुलगा राहतो तिथल्या, कुठल्याही प्रांतांकडं चालतं. म्हणजे मुलगा पुण्यात असला आणि आई मिरजेजवळच्या आश्रमात असली तर मिरजेच्या प्रांतांकडं अर्ज द्यायचा, साताऱ्याकडच्या मंडळींना कराड, फलटण, वाई जिथलं लागू पडेल ते. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं: मी कोण, मुलं कोण, त्यांचं काय उत्पन्न आहे, माझा महिन्याचा खर्च किती, आश्रमाची पावती जोडायची. स्वतःला जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन त्यांच्यातर्फे देता येतो. वकील लावायलाच पाहिजे असं नाही. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर अजून ३० दिवस. मधल्या काळात तात्पुरती पोटगी मागता येते, ती मागाच, बरेच जण विसरतात. कायद्यातली कमाल रक्कम महिना १०,००० आहे. आदेश होऊनही दिले नाहीत तर तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील.

घराचं. आत्याच्या शेजारच्या कॉटवरच्या काकूंनी पुतण्याला बक्षीसपत्र करून दिलं आणि सहा महिन्यांत त्याचा फोन यायचा बंद झाला. २३ वं कलम सांगतं की सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण अट. सुप्रीम कोर्टानं २०२२ मधे सांगितलं की अशी अट होती हे दाखवायला लागतं. २०२५ च्या जानेवारीतल्या निकालात, जिथं मुलानं वेगळ्या कागदावर सांभाळायचं लिहून दिलं होतं, तिथं कोर्ट आईच्या बाजूनं उभं राहिलं आणि म्हणालं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तसाच वाचायचा. काकूंच्या बक्षीसपत्रात एक ओळ नव्हती. एकच ओळ, "मला आयुष्यभर सांभाळण्याच्या अटीवर देत आहे." तुमच्या घरात कुणी बक्षीसपत्र करत असेल तर ही ओळ घातल्याशिवाय रजिस्टर ऑफिसची पायरी चढू देऊ नका, पाया पडून सांगते.

ज्येष्ठाला सोडून देण्यासाठी कुठं तरी टाकून येणं हा गुन्हाच आहे, २४ वं कलम, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

पायरी ८. तक्रार, आणि तक्रारीची भीती

सगळ्यात मोठी अडचण ही. राहणारा म्हणतो, "काय बोलू नकोस, तू जाशील निघून, रात्री मला त्यांच्यातच राहायचंय." ही भीती खरी आहे, तिला वेडगळ म्हणू नका. म्हणून पहिला नियम, त्यांना विचारल्याशिवाय तक्रार करायची नाही, मारहाण किंवा जिवाचा प्रश्न असेल तेवढं सोडून. दुसरा, एक छोटी वही करा, तारीख, काय झालं, कोण होतं. तिसरा, तक्रारीनंतर पंधरा दिवस रोज कुणीतरी जायचं, वेगवेगळ्या वेळी, आज तुम्ही, उद्या मावसभाऊ, परवा शेजारीण. येणारंजाणारं माणूस दिसत राहिलं की वागणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

आधी मॅनेजर, तोंडी, शांतपणे. मग ट्रस्टींना लेखी, आणि आपल्या कॉपीवर पोच घ्या. त्यानं झालं नाही तर जिल्ह्याचं समाजकल्याण ऑफिस, सामाजिक न्याय भवनात. ट्रस्टच्या पैशाचा घोळ असेल तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. पैसे भरून कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर तुम्ही ग्राहक आहात, १९१५ वर फोन किंवा जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मारहाण, कोंडणं, उपाशी ठेवणं, तर ११२, वाट बघायची नाही. आणि कुठं जायचं कळतच नसेल तर १४५६७, ही ज्येष्ठांची हेल्पलाईन सकाळी ८ ते रात्री ८, फुकट, मराठीत बोलतात. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या उशीखाली किंवा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. वकिलाची गरज लागली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो.

पायरी ९. सोडून जाणं

पटलं नाही तर आश्रम बदलता येतो. आम्ही केसांच्या प्रकरणानंतर दीड महिन्यानं बदलला. आत्या आधी नको म्हणत होती, शेजारणींची सवय झाली होती, मी जबरदस्ती केली नाही, तीच एके दिवशी म्हणाली चल. निघताना काय काय घेतलं ते सांगते: औषधांची यादी आणि रिपोर्ट, डिपॉझिटची पावती आणि परत मागितल्याचा लेखी अर्ज, पेन्शनचे कागद, तिची ट्रंक स्वतः उघडून मोजून. शेजारणींचे फोन नंबर पण घेतले, अजून बोलतात.

नव्या आश्रमाच्या फॉर्मवर शेवटी 'विशेष सूचना' असा रकाना होता, बीपी-शुगरसाठी असतो बहुतेक. मॅनेजरताईंनी विचारलं काय लिहू. आत्यानं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं, थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'माझे केस कापायचे नाहीत. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही.' खाली सही. ताईंनी वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला. तुमच्या फॉर्मवर असा रकाना नसेल तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, तारीख घाला, शिक्का मारून घ्या आणि त्या पानाची पण झेरॉक्स काढा.